आकाशातील दवंडी

खेड्याच्या जुन्या व्यवहारात दूरच्या माणसाशी बोलण्याचे दोन मार्ग असत. एक निरोप आणि दुसरा दवंडी. लातूरच्या मोंढ्यात माल घेऊन गेलेल्या घरधन्याला ‘पाहुणे आले आहेत, लवकर या’ असे कळवावयाचे असले, म्हणजे त्या बाजूस निघालेल्या एखाद्या माणसाजवळ निरोप देत. निरोप एकाने एकालाच द्यावयाचा असे. तो पोचला की नाही, हेही परतलेल्या माणसाकडून समजत असे.

परंतु नदीला पूर येण्याची भीती असली किंवा गावात साथीची लस टोचावयास डॉक्टर येणार असले, तर निरोपाने भागत नसे. मग कोतवाल हलगी घेऊन चावडीपासून निघे. प्रत्येक आळीच्या तोंडाशी तो थांबे, हलगी वाजवून लोकांना सावध करी आणि ‘ऐका हो ऐका’ अशी आरोळी देऊन सांगावयाचे ते मोठ्याने सांगे. ती कोणा एकाच्या नावाने नसे. ज्याच्या कानावर पडे, त्याच्यासाठीच ती असे. तिला कोणी उत्तर देत नसे, म्हणून कोतवाल तीच दवंडी चार ठिकाणी चार वेळा देत असे.

दूरध्वनी हे मुळात निरोपाचे साधन आहे. त्यातूनच दवंडी कशी देता येईल, हा प्रश्न वरवर साधा वाटतो. संकटाच्या वेळी मात्र तो माणसांच्या प्राणांशी निगडित होतो.

३० सप्टेंबर १९९३ ची पहाट मराठवाड्यातील जुन्या माणसांच्या स्मरणातून कधीच गेली नाही. आदल्या दिवशी अनंत चतुर्दशी होती. गणपतीचे विसर्जन करून माणसे उशिरा निजली होती. पहाटे ३ वाजून ५६ मिनिटांनी लातूर जिल्ह्यातील किल्लारीच्या परिसरात भूकंपाचा प्रचंड धक्का बसला. मराठवाड्यातील जुनी घरे माळवदाची. दगडमातीच्या जाड भिंती आणि वर मातीचे जड छप्पर. उन्हाळ्यात गारवा देणारी तीच घरे त्या पहाटे निजलेल्या माणसांवर कोसळली. लातूर आणि तेव्हाचा उस्मानाबाद, म्हणजे आताचा धाराशिव, या दोन जिल्ह्यांतील पन्नासांहून अधिक गावे उद्ध्वस्त झाली आणि सुमारे आठ हजार माणसे मृत्युमुखी पडली.

भूकंप कोणत्या घटकेला होणार, हे आजचे विज्ञानही आधी सांगू शकत नाही. त्यामुळे त्या पहाटे कोणतीही दवंडी लोकांना आधी जागे करू शकली नसती. परंतु धक्क्यानंतरच्या तासांत सर्वांना सांगण्याजोगे पुष्कळ असते. तडे गेलेल्या घरात परत जाऊ नका. जखमींना अमुक ठिकाणी न्या. पिण्याचे पाणी तमुक जागी मिळेल. हा रस्ता बंद आहे, त्या रस्त्याने या. हे प्रत्येकाला कळणे आवश्यक असते, आणि नेमके तेव्हाच ते कळविण्याचे मार्ग बंद पडलेले असतात. खांब पडतात, तारा तुटतात, वीज जाते. त्या काळी भारतात मोबाईल फोन नव्हताच. तो येथे ३१ जुलै १९९५ रोजी सुरू झाला.

समजा, खांब शाबूत राहिले आणि घरोघरी दूरध्वनी असला, तरी अडचण संपत नाही. एका अधिकाऱ्याला एक हजार घरांना सूचना द्यावयाची आहे आणि प्रत्येक घराशी तो केवळ अर्धा मिनिट बोलतो, असे धरा. तरीही त्याला पाचशे मिनिटे, म्हणजे आठ तास वीस मिनिटे लागतील. पहिल्या घराला सकाळी कळेल, तर शेवटच्या घराला दिवस मावळताना. शिवाय त्याच वेळी हजारो माणसे आपल्या नातलगांची चौकशी करू लागतात. दूरध्वनीच्या यंत्रणेला एका वेळी ठरावीक संभाषणेच पेलतात. वाटेवर गर्दी झाली, की कोणालाच पुढे जाता येत नाही. निरोपांच्या गर्दीत निरोपच अडकून पडतात.

तारा आणि खांब यांच्यावाचून चालणारा दूरध्वनी म्हणजे उपग्रह-दूरध्वनी. यात बोलणाऱ्याचा आवाज विद्युत्-लहरींच्या रूपाने सरळ आकाशातील उपग्रहाकडे जातो, उपग्रह तो जमिनीवरील मोठ्या केंद्राकडे उतरवितो आणि तेथून तो पलीकडच्या माणसापर्यंत पोचतो. डोक्यावर मोकळे आकाश आणि संचात विजेचा थोडासा साठा एवढे असले, की मोडलेल्या गावातूनही बोलता येते. परंतु हाही दूरध्वनीच. येथेही एकजण एकाशीच बोलतो. उपग्रहाजवळील वाटा तर जमिनीवरच्या यंत्रणेपेक्षाही थोड्या. म्हणून संकटात शंभर जणांना एकच गोष्ट सांगण्यासाठी शंभर वाटा अडवून ठेवणे येथे मुळीच परवडत नाही.

मग उपाय कोणता? तो दूरध्वनीच्या अंगीच दडलेला आहे. संच खिशात गप्प पडलेला असतो, तेव्हाही तो पूर्णपणे निजलेला नसतो. आपल्याला कोणी बोलावीत आहे काय, हे त्याला कळावयास हवे. त्यासाठी उपग्रह एका सामाईक वाहिनीवरून सतत हाका देत असतो: ‘अमुक क्रमांका, तुझ्यासाठी बोलावणे आहे.’ शेतातला राखणदार जसा अधूनमधून डोळे उघडून चाहूल घेतो, तसा प्रत्येक संच थोड्या थोड्या वेळाने जागा होऊन ही वाहिनी ऐकतो. हाक आपल्या क्रमांकाची नसली, तर तो पुन्हा स्वस्थ होतो. आपली असली, तर घंटा वाजवितो आणि मग त्याला बोलण्यासाठी स्वतंत्र वाट मिळते.

याचा अर्थ असा, की सर्वजण एकाच वेळी ऐकतात अशी एक जागा या यंत्रणेत आधीपासूनच आहे. प्रत्येक संच तेथील हाक ऐकतो. केवळ ती दुसऱ्याची म्हणून सोडून देतो. तेव्हा प्रत्येक संचाला त्याच्या स्वतःच्या क्रमांकाबरोबर आणखी एक क्रमांक शिकविला, आणि तो सर्वांना सारखाच दिला, की काम झाले. त्या सामाईक क्रमांकाने हाक आली, म्हणजे प्रत्येकाने ती आपलीच समजावयाची आणि पुढचा मजकूर टिपून घ्यावयाचा. नवा उपग्रह नको, शंभर वाटाही नकोत. निरोपाच्याच वाटेवर दवंडी उभी राहते.

ही योजना केवळ कल्पनेत राहिली नाही. ती प्रथम नावारूपाला आली ती समुद्रावर. जमिनीवर निदान खांब रोवता येतात. समुद्रात तेही शक्य नाही. जहाजांना उपग्रहाच्या साहाय्याने बोलता यावे, म्हणून १९७९ साली इन्मारसॅट ही आंतरराष्ट्रीय संस्था स्थापन झाली आणि १९८२ पासून तिची सेवा सुरू झाली. तिचे उपग्रह विषुववृत्तावर सुमारे ३६,००० किलोमीटर उंचीवर असतात. पृथ्वी स्वतःभोवती फिरते तेवढ्याच वेळात तेही तिच्याभोवती फिरतात, म्हणून खालून पाहणाऱ्याला ते एकाच जागी स्थिर वाटतात. असा एक उपग्रह पृथ्वीचा जवळजवळ एक तृतीयांश भाग आपल्या दृष्टीच्या टप्प्यात ठेवतो.

या व्यवस्थेत एखादे जहाज किनाऱ्यावरील एखाद्या कार्यालयाशी बोले किंवा त्याला लेखी संदेश पाठवी. हा निरोपाचाच व्यवहार होता. परंतु वादळ येत असल्याचे एका जहाजाला सांगून काय उपयोग? म्हणून लेखी संदेशांच्या यंत्रणेत सामाईक वाहिनीवरून सर्वांना हाक देण्याची सोय करण्यात आली. १९९२ ते १९९९ या काळात जहाजांच्या सुरक्षिततेची जागतिक व्यवस्था टप्प्याटप्प्याने अमलात आली, तेव्हा या सोयीला तिच्यात महत्त्वाचे स्थान मिळाले.

या कार्यात महाराष्ट्राचाही वाटा आहे. पुणे जिल्ह्याच्या जुन्नर तालुक्यात, नारायणगावाजवळ आर्वी नावाचे गाव आहे. तेथे १९७१ साली भारताला उपग्रहाद्वारे परदेशांशी जोडणारे केंद्र सुरू झाले. भारतीय अवकाश संशोधनाचे प्रवर्तक डॉ. विक्रम साराभाई यांचे नाव पुढे त्या केंद्राला देण्यात आले. जगातील समुद्रांचे जे विभाग पाडले आहेत, त्यांपैकी आठव्या विभागातील जहाजांना इशारे देण्याची जबाबदारी भारताकडे आहे. इशारे तयार करणारे नौकानयनविषयक राष्ट्रीय कार्यालय डेहराडूनला, हिमालयाच्या पायथ्याशी. आणि हवामान खात्याचे समुद्रासाठीचे वृत्त उपग्रहाकडे पाठविणारे केंद्र आर्वीला, सह्याद्रीच्या कुशीत. ज्यांच्या डोळ्यांपुढे समुद्र नाही, अशा ठिकाणांहून हिंदी महासागरातील नाविकांना सावध करण्याचे काम अनेक वर्षे चालले.

हाक सर्वांना दिली, एवढ्याने दवंडीचे काम पुरे होत नाही. दूरध्वनीवर बोलताना ऐकू आले नाही, तर पलीकडचा माणूस ‘काय म्हणालात?’ असे विचारतो. दवंडीत तसे विचारता येत नाही. हजारो संच एकदम उत्तर देऊ लागले, तर पुन्हा तीच गर्दी व्हावयाची. म्हणून ऐकणाऱ्यांनी मौनच पाळावयाचे असते आणि सांगणाऱ्याला आपले शब्द कोठवर पोचले, हे कळत नाही. या उणिवेवर यंत्रज्ञांनी तीन उपाय योजले.

पहिला उपाय कोतवालाचाच, म्हणजे पुन्हा सांगण्याचा. जहाजांच्या व्यवस्थेत अत्यंत निकडीचा संदेश एकदा पाठविल्यावर सहा मिनिटांनी पुन्हा पाठवितात. दुसरा उपाय अंकांचा. मजकुराबरोबर काही जादा अंक पाठविलेले असतात. वाटेत एखादे अक्षर बिघडले, तर त्या अंकांवरून चूक ओळखता येते आणि पुष्कळदा दुरुस्तही करता येते. तिसरा उपाय ओळखक्रमांकाचा. प्रत्येक संदेशाला आपला क्रमांक असतो. एकदा नीट मिळालेला संदेश पुन्हा आला, तर संच तो मुकाट्याने बाजूला ठेवतो. असे नसते, तर तीच सूचना दहा वेळा वाचून माणूस कंटाळला असता आणि अकरावी, खरोखरच नवी असलेली सूचना त्याने वाचलीच नसती.

दवंडी कोठे द्यावयाची, हाही विचार करावा लागतो. लातूरच्या पुराची दवंडी नागपुरात देऊन केवळ घबराट व्हावयाची. म्हणून संदेशाच्या आरंभी तो कोणत्या प्रदेशासाठी आहे, हे सांगितलेले असते. जहाजावरील संचाला स्वतःचे स्थान ठाऊक असते. तो त्या प्रदेशात असेल, तरच मजकूर पुढे ठेवतो. संदेश किती निकडीचा आहे, हेही आरंभीच कळते. साधी सूचना शांतपणे नोंदली जाते. प्राणसंकटाची असली, तर मोठ्याने घंटा वाजते.

एका जागी स्थिर दिसणाऱ्या उपग्रहांवर हे जमले. परंतु इरिडियम नावाच्या व्यवस्थेत काम अधिक अवघड होते. १९९८ साली सुरू झालेल्या या व्यवस्थेत ६६ उपग्रह केवळ ७८० किलोमीटर उंचीवरून पृथ्वीभोवती धावतात आणि सुमारे शंभर मिनिटांत एक फेरी पुरी करतात. लातूरवर असलेला उपग्रह काही मिनिटांतच क्षितिजाआड जातो आणि त्याची जागा मागून येणारा घेतो. प्रत्येक उपग्रह खालच्या भूमीवर ४८ झोत टाकतो. म्हणून दवंडी ज्या प्रदेशासाठी आहे, त्यावर या क्षणी कोणत्या उपग्रहाचा कोणता झोत पडला आहे, याचा हिशेब सारखा ठेवावा लागतो. कीर्तनात झांज एकाच्या हातून दुसऱ्याने घ्यावी, पण ताल मोडू नये, तसे हे आहे. तेही साधले, आणि २०२० च्या अखेरीस या व्यवस्थेतूनही जहाजांना धोक्याचे इशारे मिळू लागले.

समुद्रावर सिद्ध झालेले हे तत्त्व जमिनीवरच्या मोबाईल फोनलाही लागू आहे. २० जुलै २०२३ रोजी सकाळी महाराष्ट्रातील असंख्य फोन अकस्मात मोठ्याने वाजू लागले आणि त्यांवर एक सूचना उमटली. अनेकजण दचकले. ती केंद्र शासनाच्या दूरसंचार विभागाची चाचणी होती. त्यासाठी कोणाचाही क्रमांक फिरवावा लागला नाही. प्रत्येक मनोऱ्याने आपल्या टापूतील सर्व फोनांना एकदम हाक दिली होती. उपग्रहाची जागा येथे मनोऱ्याने घेतली, एवढाच फरक.

या सोयीचे मोल मराठवाड्याला वेगळे सांगावयास नको. ऑगस्ट २०२५ मध्ये नांदेड जिल्ह्याच्या मुखेड तालुक्यात अतिवृष्टी झाली. रावणगाव, हसनाळ अशा गावांत पाणी शिरले, लोक अडकून पडले आणि बचावासाठी लष्कराला बोलवावे लागले. भूकंपाचे तसे पुराचे नाही. पूर पुष्कळदा आधी चाहूल देतो. वरच्या धरणातून सोडलेले पाणी खालच्या गावी पोचावयास काही वेळ लागतो. गोदावरीकाठच्या किंवा मांजरेकाठच्या गावाला मिळालेला एक तास म्हणजे दावणीची जनावरे सोडून, म्हाताऱ्या माणसांना हाताशी धरून उंचावर जाण्याइतका अवधी असतो.

मनोऱ्याला मात्र वीज लागते आणि उभे राहण्यासाठी भक्कम जमीन लागते. ती दोन्ही गेली, की त्याचा आवाज बंद होतो. उपग्रहाला खालच्या भूकंपाचा धक्का पोचत नाही. उपग्रह-दूरध्वनी भारतात परवान्यावाचून बाळगता येत नाही. २०१७ साली भारत संचार निगमाने इन्मारसॅटच्या आधारे ही सेवा प्रथम शासकीय यंत्रणांसाठी सुरू केली. म्हणजे घरोघरी पोचण्यासाठी मनोरा आणि मनोरा पडल्यावर मदतीला धावणाऱ्या पथकांसाठी उपग्रह, अशी दोघांची जोड असावी लागते.

सर्वांना एकदम हाक देण्याचे सामर्थ्य मोठे आहे, म्हणून ते कोणाच्या हाती असावे, यालाही नियम आहे. गावात कोणीही हलगी घेऊन दवंडी देऊ लागला असता, तर दवंडीवर कोणी विश्वास ठेवला नसता. म्हणून अशी सूचना अधिकृत कार्यालयाकडूनच निघते. संकटात ‘आता धरण फुटणार’ असल्या अफवा एकाकडून दुसऱ्याकडे निरोपासारख्या पसरतात. एकेकाला भेटून त्या खोडून काढता येत नाहीत. त्या थांबवावयाच्या, तर खरी गोष्ट सर्वांना एकाच वेळी आणि त्यांच्या स्वतःच्या भाषेत ऐकू आली पाहिजे. खोट्या किंवा वारंवार दिलेल्या इशाऱ्यांनी हा विश्वास एकदा उडाला, की उत्तम यंत्रही निरुपयोगी ठरते.

इतके करूनही एक उणीव यंत्राला भरून काढता येत नाही. शेजारच्या घरात एकटी राहणारी आजी असते. तिच्याजवळ फोन नसतो. किंवा असला, तरी त्यावरील अक्षरे तिला दिसत नाहीत. शेतातल्या आखाड्यावर निजलेल्या गड्याचा संच विजेअभावी बंद पडलेला असतो. कोतवालाच्या काळी ज्याने दवंडी ऐकली, तो ती घरी जाऊन बायकामुलांना सांगे आणि वाटेत भेटलेल्यालाही सांगे. आकाशातून आलेली दवंडी हजारो संचांपर्यंत क्षणात पोचते. तेथून शेवटच्या माणसापर्यंतचे चार पावलांचे अंतर ज्याने ती ऐकली, त्यानेच चालून जावयाचे असते. आजीला उठवून, तिचा हात धरून तिला उंच जागी नेले, म्हणजे ती दवंडी पुरी होते.

स्वाध्याय

१. निरोप आणि दवंडी यांतील फरक पाठाच्या आधारे सांगा.
२. एक हजार घरांना दूरध्वनीने सूचना देण्यास किती वेळ लागेल? त्यातून कोणती अडचण दिसून येते?
३. उपग्रह-दूरध्वनीच्या यंत्रणेत दवंडीची सोय कशी करता येते?
४. ऐकणाऱ्यांकडून उत्तर येत नसल्यामुळे कोणते तीन उपाय योजावे लागले?
५. ‘निरोपांच्या गर्दीत निरोपच अडकून पडतात.’ या वाक्याचा अर्थ स्पष्ट करा.
६. तुमच्या गावाला पुराचा इशारा मिळाला आहे. तो कोणाकोणाला स्वतः जाऊन सांगावा लागेल, याची यादी करा आणि त्याची कारणे लिहा.